बसा की, पण मागच्यांना सांगून बसा

नमस्कार,

मधल्या विश्रांतीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही सविस्तर लिहिलंत आणि हातचं काही राखून ठेवलं नाहीत, हे बरं झालं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गोल्फ हा निवांतपणाचा खेळ आहे, अठरापैकी नऊ होल झाल्यावर वीसेक मिनिटं बसून खाल्लं-प्यायलं तर कुणाचं काय बिघडतं? ज्यांना घाई असेल त्यांनी खुशाल पुढे जावं. पैसे आम्हीही भरलेत. वयस्कर आणि मधुमेही खेळाडूंना वेळेवर खावंच लागतं. आणि ‘पेस ऑफ प्ले’चा, म्हणजे खेळाच्या गतीचा, हा सगळा बाऊ म्हणजे मुरलेल्या मंडळींनी नवख्यांवर गाजवायची दादागिरी. शिवाय ‘नियमात कुठे लिहिलंय ते दाखवा’ हे आव्हान.

आव्हानाचं आधी बघू, कारण ते चटकन उरकण्यासारखं आहे. गोल्फच्या नियमावलीतला नियम 5.6 सांगतो की विनाकारण खेळ लांबवू नये. पहिल्यांदा लांबवलात तर एक फटका दंड. दुसऱ्यांदा स्ट्रोक प्लेमध्ये (जिथे एकूण फटके मोजतात) दोन फटके, मॅच प्लेमध्ये (जिथे एकेक होल जिंकायचा असतो) तो होल गेला. तिसऱ्यांदा थेट बाद. याच नियमाच्या अधिकृत स्पष्टीकरणात क्लबहाउस आणि हाफवे हाऊस (राउंडच्या मध्यावरचं खाण्यापिण्याचं ठिकाण) यांचा चक्क नावानिशी उल्लेख आहे. तिथे जरा थांबून खायला-प्यायला घेणं चालतं. स्पर्धेच्या समितीने मुभा दिलेली नसताना काही मिनिटांपेक्षा जास्त रेंगाळणं चालत नाही. म्हणजे तुम्ही बसूच नये असं नियमही म्हणत नाही आणि मीही म्हटलेलं नाही. वीस मिनिटं मात्र ‘काही मिनिटां’त बसवणं कठीण आहे.

प्रकृतीच्या मुद्द्यावर आपलं भांडण नाहीच. अचानक बरं वाटेनासं झालं किंवा दुखापत झाली, तर सावरायला साधारण 15 मिनिटांपर्यंत वेळ द्यावा असं तेच स्पष्टीकरण सांगतं. आणि ज्यांना ठरावीक वेळाने खावं लागतं त्यांनी नवव्या होलची वाट तरी का बघावी? बॅगेत खाऊ ठेवून चौथ्या, सातव्या टीवर (होलचा पहिला फटका मारायच्या जागी), आपली पाळी यायच्या आत दोन घास खाता येतात. त्याला कुणाची आडकाठी नाही. मधुमेह असलेल्या एकाला खायचंय म्हणून बाकीच्या तिघांनी खुर्च्या ओढून बसकण मारायची, यातलं औषध कुठलं आणि गप्पा कुठल्या, हे त्या तिघांनाही ठाऊक असतं.

आता खरा मुद्दा: ‘कुणाचं काय बिघडतं?’ हा प्रश्न तुम्ही मनापासून विचारलाय असं धरून चालतो, कारण बसणाऱ्या ग्रुपला याचं उत्तर कधी दिसतच नाही. समजा, दर दहा मिनिटांनी एक ग्रुप पहिल्या टीवरून सुटतोय. सगळे सारख्या गतीने खेळले तर दहाव्या टीवरही ते दहा-दहा मिनिटांच्या अंतरानेच पोचणार. तुम्ही पोचलात आणि पंधरा मिनिटं बसलात. मागचा ग्रुप दहा मिनिटांनी आला, तुमच्या बॅगा टीपाशी बघून भिडेखातर थांबला. तुम्ही पंधराव्या मिनिटाला उठून मारलंत, तुमचे दुसरे फटके होऊन फेअरवे (टीपुढचा कापलेल्या गवताचा पट्टा) मोकळा होईपर्यंत पंचविसावं मिनिट उजाडलं. ज्यांनी दहाव्या मिनिटाला सुटायचं ते पंचविसाव्याला सुटले. त्यांच्या मागचे विसाव्याऐवजी पस्तिसाव्याला. त्यानंतर येणारा प्रत्येक ग्रुप पंधरा मिनिटं उशिरा, आणि वेळापत्रकात एखादी जागा मोकळी सोडलेली नसेल तर हे लोण शेवटच्या ग्रुपपर्यंत जातं. त्यांतल्या कित्येकांनी तुम्हाला बघितलेलंही नसतं.

तुम्हाला मात्र काय दिसतं? दहाव्या टीवर उभं राहिलं की समोर फेअरवे लख्ख मोकळा. पुढे चिटपाखरू नाही. अकराव्यावर नाही, बाराव्यावर नाही. मग वाटतं, ‘आम्हाला तर कुठेच थांबावं लागलं नाही, मैदान रिकामंच होतं!’ ते रिकामं आहे कारण पुढचे निघून गेलेत आणि गर्दी सगळी तुमच्या पाठीमागे साचलीय. ती साचते पार-3 होलवर, म्हणजे तीन फटक्यांत संपवायच्या आखूड होलवर. पार-4 वर पुढचा ग्रुप ग्रीनवर (होलच्या खड्ड्याभोवतीच्या बारीक गवतावर) असताना मागच्यांना टीवरून मारता येतं, पार-3 वर पुढच्यांनी ग्रीन सोडेपर्यंत हातावर हात धरून उभं राहावं लागतं. म्हणून दहाव्यावर झालेला उशीर तेराव्या-चौदाव्याच्या टीवर दोन-दोन ग्रुप ताटकळत असल्याच्या रूपात बाहेर पडतो आणि शिव्या खातो तो तिथे खेळत असलेला बिचारा भलताच ग्रुप.

‘घाई असेल त्यांनी पुढे जावं’ हे तुमचं वाक्य मला पटतं, आणि मागच्या लेखातही मी तेच सुचवलं होतं. मागच्यांना पुढे सोडायला नवव्या-दहाव्याच्या मधल्या जागेइतकी स्वस्त जागा मैदानात दुसरी नाही. फेअरवेच्या मधोमध एखाद्या ग्रुपला पुढे सोडायचं तर तुम्हाला कडेला उभं राहावं लागतं, त्यांनी मारून पुढे जाईपर्यंत वेळ जातो. इथे तुम्ही तसेही बसलेलेच असता. वरच्याच हिशेबात मागचा ग्रुप दहाव्या मिनिटाला तुम्हाला ओलांडून सरळ गेला, तर त्यांचं शून्य नुकसान. तुम्ही त्यांच्या मागून विसाव्या मिनिटाला सुटता. तिसऱ्या ग्रुपला मात्र तुमच्यामुळे थोडं थांबावं लागतंच, कारण तुमची मूळची जागा रिकामी गेली आणि रिकामी गेलेली जागा नंतर भरता येत नाही. तरी पंधरा मिनिटांचा उशीर दहावर आला.

पण यासाठी तुम्ही तसं सांगायला हवं, आणि घोडं पेंड खातं ते इथेच. नेहमीचं दृश्य आठवा. दहाव्या टीच्या कडेला चार ट्रॉल्या ओळीने लावलेल्या, एकीवर टोपी, टी-मार्करपाशी कुणाचा तरी ड्रायव्हर आडवा ठेवलेला. माणसं आत. मागचे चौघे येतात, इकडेतिकडे बघतात. एक जण हवेत उगाच दोन-तीन स्विंग मारतो. दुसरा खिडकीतून आत डोकावतो. आतून कुणीतरी हात हलवतो, पण तो ‘या, जा पुढे’ म्हणतोय की ‘आलोच’ म्हणतोय, देव जाणे. यात पाच मिनिटं गेली आणि ती कुणाच्याच पोटात गेली नाहीत. बसण्याआधी नववं ग्रीन सोडतानाच मागे वळून ‘आम्ही बसतोय, तुम्ही व्हा पुढे’ एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. आणि एकदा त्यांना सोडलं की ‘आमचा नंबर आधी होता’ म्हणून पुन्हा त्यांच्यापुढे घुसायचं नाही. हे सांगावं लागतं म्हणून सांगतोय.

विश्रांती सगळ्यांनाच हवी असेल तर तिचाही रस्ता आहे. स्पर्धेच्या समितीने आधीच जाहीर करावं की प्रत्येक ग्रुपला नवव्यानंतर दहा मिनिटं. सगळेच दहा मिनिटं थांबले तर दोन ग्रुपमधलं अंतर जसंच्या तसं राहतं आणि कुणी कुणाला अडवत नाही, राउंड फक्त दहा मिनिटांनी लांबतो. पहिल्या आणि दहाव्या अशा दोन्ही टीवरून सुरुवात असेल तेव्हा तर ही ठरवलेली विश्रांती उपयोगीच पडते, कारण दोन्हीकडचे ग्रुप अदलाबदलीच्या वेळी समोरासमोर येतात आणि थोडा मोकळा वेळ हाताशी लागतोच. त्रास होतो तो चौघांनी आपल्या मनाने, न सांगता घेतलेल्या विश्रांतीचा.

राहिला दादागिरीचा आरोप. इथे तुमच्या बाजूचा दाखला मीच देतो. 2013च्या मास्टर्स या व्यावसायिक गोल्फच्या मोठ्या स्पर्धेत दुसऱ्या फेरीत, सतराव्या होलवर, संथ खेळाबद्दल एका फटक्याचा दंड झाला तो चीनच्या गुआन तिआनलांगला. वय वर्षं 14. त्याने तरीही कट गाठला, म्हणजे पुढच्या फेऱ्यांसाठी तो पात्र ठरला, पण ‘वर्षानुवर्षं रेंगाळणारे नामवंत सुटतात आणि पोराला पकडता’ अशी टीका तेव्हा भरपूर झाली, आणि ती मला रास्त वाटली. हौशी मैदानांवरही हेच चालतं. नवखा माणूस चार फटके जास्त मारतो म्हणून त्याच्या मागे मार्शल (मैदानावर खेळाच्या गतीवर लक्ष ठेवणारा) लागतो, आणि जुनेजाणते हाफवे हाऊसमध्ये अर्धा तास ठाण मांडून बसले तरी त्यांना हटकायची कुणाची छाती होत नाही. नवख्याला कमी फटक्यांत होल संपवणं जमत नसतं, या मंडळींना खुर्चीतून उठणं सहज जमण्यासारखं असतं. तेव्हा नियम सैल करण्यापेक्षा तो आधी त्यांना लावा, या मागणीवर सही करायला मी तयार आहे.

तुमच्या प्रतिक्रियेत एक ओझरता उल्लेख आहे, त्याकडे मात्र कानाडोळा करवत नाही. ‘बसून अंग गार पडतं, म्हणून निघताना रेंजवर दहा-बारा बॉल मारून येतो,’ असं तुम्ही लिहिलंय. रेंज म्हणजे लांब फटक्यांच्या सरावाची जागा. मित्रामित्रांच्या खेळात ठीक आहे, वेळेचं तेवढं बघा. स्पर्धेत चुकूनही करू नका. दोन होलच्या मधल्या वेळात पटिंग (ग्रीनवर बॉल घरंगळवणं) आणि चिपिंगचाच (ग्रीनजवळचे छोटे उचललेले फटके) सराव करता येतो, तोही नुकत्याच संपवलेल्या ग्रीनवर किंवा त्याच्या आसपास, सरावाच्या ग्रीनवर, नाहीतर पुढच्या टीवर, आणि खेळ न लांबवता. स्थानिक नियमाने यातलंही काही बंद केलेलं असू शकतं. रेंजवर सराव केलात तर स्ट्रोक प्लेमध्ये दोन फटके दंड, आणि तो लागतो पुढच्या होलला. म्हणजे दहाव्या टीवर पहिला बॉल मारायच्या आधीच तुमच्या कार्डावर दोन चढलेले असतील.