थंडी भीतीची नसते

‘सिझरच्या वेळी बाई घाबरते म्हणून तिला थंडी वाजते,’ हे सिझरवरच्या एका लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. चौदा वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर आहे. दुसऱ्या, तिसऱ्या सिझरला हसत येणाऱ्या बायकाही कुडकुडताना पाहिल्यात. पाठीत भूल दिली की कमरेखालच्या रक्तवाहिन्या सैल पडतात, पोटातली ऊब पायांकडे उतरते आणि आतलं तापमान घसरतं. पाय बधिर, त्यामुळे थरथरतात ते हात, खांदे, जबडा. वर एसी आणि गार सलाईन. मागच्याच महिन्यात एकीचे दात इतके वाजत होते की बीपीचा आकडाच येईना. बाळ जवळ नेलं तर म्हणाली, ‘नको सिस्टर, हातातून पडेल.’ तिला ‘घाबरू नकोस’ म्हणून काय उपयोग?

उपाय आधीपासून करायचा असतो. आम्ही सलाईन वॉर्मरमध्ये ३७ अंशांच्या आसपास गरम करून लावतो, भूल द्यायच्या आधीच गरम ब्लँकेट घालतो आणि बाळ येईपर्यंत एसी कमी ठेवतो. तरीही थांबलं नाही तर भूलतज्ज्ञ ट्रामाडॉलसारखं औषध शिरेतून देतात, त्याने बहुतेकींची थरथर काही मिनिटांत ओसरते (मळमळ होऊ शकते, तेवढं बघावं लागतं). आणि नातेवाइकांनो, कृपा करून बधिर पायांना गरम पाण्याची पिशवी लावू नका. तिला चटका कळत नाही, फोड आलेले मी स्वतः ड्रेसिंग केलेत.