बटण काढा, आलेख आपोआप चढेल

मोबाइल अ‍ॅपमध्ये नवे काय आणावे आणि जुने काय काढावे, हे पूर्वी वापरणाऱ्यांना विचारून ठरवत असत, असे म्हणतात. तो मागासलेला काळ आता सरला. आज प्रत्येक टिचकी, प्रत्येक स्क्रोल आणि अर्ध्यावरून मागे फिरलेले प्रत्येक बोट नोंदले जाते, आणि त्या नोंदींचा डॅशबोर्ड सोमवारी सकाळी साडेदहा वाजता मोठ्या पडद्यावर झळकतो. मी स्वतः या धंद्यात अकरा वर्षे काढली आहेत, त्यामुळे नव्याने प्रॉडक्ट मॅनेजर झालेल्यांना अनुभवाचे चार बोल सांगण्याचा अधिकार मला आहे, असे मी समजते. शिवाय जुलैअखेरीस माझ्या वडिलांची त्यांच्या बँकेच्या अ‍ॅपशी झालेली झटापट पाहिल्यापासून हे बोल पोटात ठेवणे मला जमेनासे झाले आहे.

सुरुवात नोंदींपासून करावी. आपल्याला काय जाणून घ्यायचे आहे, हे ठरवण्यात वेळ न दवडता जे नोंदता येईल ते सगळे नोंदवायला घ्यावे. फायरबेस हे अ‍ॅपचा वापर मोजणारे गूगलचे साधन एका अ‍ॅपला ५०० प्रकारच्या ‘घटना’, म्हणजे वापरणाऱ्याच्या कृती, नोंदवू देते, तेव्हा ही मुभा वाया घालवू नये. घटनांना ‘बटण_दाबले’, ‘बटण_दाबले_नवे’ आणि ‘बटण_दाबले_अंतिम_२’ अशी नावे द्यावीत, आणि त्यांतला फरक ज्या एकाच माणसाला ठाऊक आहे त्याला दिवाळीआधी दुसऱ्या कंपनीत जाऊ द्यावे.

दोन आवृत्त्यांची तुलना करणारी ए-बी चाचणी लावली, की तिचा निकाल रोज सकाळी चहाबरोबर पाहावा आणि साहेबांच्या आवडीची आवृत्ती ज्या दिवशी पुढे दिसेल त्याच दिवशी चाचणी थांबवावी. नमुना किती मोठा हवा हे आधी ठरवून तेवढे लोक होईपर्यंत थांबायचे असते, अशी कुरकूर संख्याशास्त्र शिकलेला एखादा मुलगा करील. त्याला पुढच्या बैठकीला बोलावू नये. तरीही मनासारखा निकाल येत नसेल, तर एकाऐवजी वीस मापे तपासावीत. बदलाचा परिणाम शून्य असला तरी, ५ टक्क्यांची नेहमीची पातळी धरली (म्हणजे परिणाम नसताना एखादे माप चुकून ‘लक्षणीय’, अर्थात योगायोगापलीकडचे, ठरण्याची शक्यता ५ टक्के) तर, परस्परांशी संबंध नसलेल्या वीस मापांपैकी किमान एक निव्वळ योगायोगाने ‘लक्षणीय’ ठरण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. उरलेल्या एकोणीस मापांचा सादरीकरणात उल्लेख करणे असभ्यपणाचे समजावे.

ज्यांनी वैतागून अ‍ॅपच काढून टाकले त्यांची चिंता करू नये, कारण ते आता कोणतीही घटना पाठवत नाहीत.

यानंतरचा सल्ला सर्वांत मोलाचा आहे: जे बटण कमी दाबले जाते, ते काढून टाकावे. माझ्या वडिलांच्या बँकेने तो तंतोतंत पाळला. वडील चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झालेले असल्यामुळे स्वतःचे प्राप्तिकर विवरणपत्र स्वतःच भरतात. जुन्या करप्रणालीत ज्येष्ठ नागरिकांना कलम ८० टीटीबीखाली ठेवींच्या व्याजावर ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, आणि व्याजाचा नेमका आकडा हवा म्हणून ते दरवर्षी जुलैत अ‍ॅपमधून व्याज प्रमाणपत्र उतरवून घेतात. या वर्षी ते बटण जागेवर नव्हते. त्या जागी पूर्वमंजूर कर्जाचा हिरवा फलक होता आणि त्याखाली ‘तुमच्यासाठी खास’ अशी फिरती चित्रे होती. “अगं, मागच्या वर्षी इथेच होतं ते,” असे म्हणत ते तेवीस मिनिटे शोधत राहिले. मेनू उघडला, बंद केला, ‘सेवा’मध्ये गेले, ‘अधिक सेवा’मध्ये गेले, आणि दर वेळी कर्जाच्या पानावर जाऊन पोहोचले, कारण त्या फलकाची फुली तांदळाच्या दाण्याएवढी होती आणि त्यांचे बोट तांदळाच्या दाण्याएवढे नाही.

आता हीच तेवीस मिनिटे डॅशबोर्डवर कशी दिसली असतील ते पाहा. जो ग्राहक एरवी दोन मिनिटांत काम उरकून बाहेर पडत असे, तो तेवीस मिनिटे थांबला. त्याने एरवीच्या कित्येक पट पडदे पाहिले. कर्जाच्या पानावर तो चार वेळा आला. एंगेजमेंट (ग्राहकाचे अ‍ॅपमध्ये गुंतून राहणे) वाढली, सेशन (एका भेटीचा वेळ) लांबले, आणि नव्या रचनेच्या यशाबद्दल कोणीतरी कोणाची तरी पाठ थोपटली असणार. दोनच दिवसांत वडिलांना कर्ज हवे आहे का, असे विचारणारा फोनही आला. दरम्यान ते ३० जुलैला रिक्षाने शाखेत गेले, टोकन घेऊन सव्वा तास बसले, आणि खिडकीवरच्या बाईंनी दोन मिनिटांत कागद छापून दिला. या रिक्षेची, या टोकनाची आणि त्या बाईंची नोंद करणारी घटना तुमच्या पाचशेंत एकही नाही.

आणि ते बटण काढायचा निर्णय कधी झाला असेल? बहुधा जानेवारी ते मार्चचे आकडे पाहून. अहो, फेब्रुवारीत व्याज प्रमाणपत्र कोण मागतो? आर्थिक वर्ष तरी संपू द्याल की नाही? या हिशेबाने निवृत्तिवेतनधारकांचे हयातीचे दाखले नोव्हेंबरात घेतात म्हणून ती सोय जूनमध्ये बंद करा, आणि छत्र्यांची दुकाने एप्रिलमध्ये! वर्षातून एकदाच लागणारी, पण त्या एका दिवशी दुसरे काहीच चालत नाही अशी गोष्ट ‘मासिक वापर’ या रकान्यात तळाशीच असणार. तिला तिथे पाहून ‘लोकांना नको आहे’ असा अर्थ काढणाऱ्याला पगार कशाचा देतात, हे मला कळलेले नाही.

असो. मी सल्ला देत होते.

ग्राहकाला हवे तिकडे वळवण्याच्या युक्त्यांविषयी थोडेसे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’ रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि त्यात ग्राहकाला फसवण्याचे तेरा प्रकार नोंदवले. खोटी घाई, न मागता टोपलीत टाकलेली वस्तू, नकार देणाऱ्याला लाज वाटेल अशी भाषा, सततची कटकट असे सगळे त्यात सविस्तर दिले आहे. पुढच्या तिमाहीसाठी कल्पना सुचत नसतील, तर ही यादी जरूर वाचावी.

आता मात्र हे सोंग पुरे. ‘डेटा असे म्हणतो’ हे वाक्य मी इतक्या बैठकांत ऐकले आहे, की ते म्हणणाऱ्याला आधीच काय करायचे होते, हे मी आकडे न पाहता सांगू शकते. मीही त्यातलीच आहे. एका अ‍ॅपमधली मोठ्या अक्षरांची सोय ‘वापर एक टक्क्याहून कमी’ या एका ओळीवर काढायला मी मान डोलावली होती, आणि तो एक टक्का कोण असेल, हा प्रश्न तेव्हा मला पडला नव्हता. तेवीस मिनिटे कुठे गेली, हे तुमच्या आलेखात दिसत होते. ती का गेली, हे कळायला एक फोन पुरला असता. तो करायला तुम्हाला लाज वाटते, की भीती? महिन्यातून पाच ग्राहकांशी बोला. बटण काढण्याआधी वर्षभराचे आकडे पाहा, जुलैसकट. नाहीतर निदान माझ्या वडिलांना फोन करा. दुपारी दोन ते चार ते झोपतात, ती वेळ सोडून कधीही चालेल. नंबर तुमच्याकडे आहेच. ‘तुमची आठवण येते’ हा तुमचा संदेश परवा त्यावरच आला होता.