ढग आलेत, आणि तुम्हाला स्वेटरची पडलीय

आज ऑफिसात चहाच्या वेळी एकजण म्हणाला, "काय यार, थंडी सुरू झाली म्हणून स्वेटर काढले आणि लगेच ढग. सगळा मूडच गेला." बाकीचे हसले. मी कप ठेवला आणि उठले. तिथे बोलले असते तर भांडण झालं असतं, म्हणून इथे लिहितेय.

माझं माहेर निफाड तालुक्यात. दादाची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणी झालेली, माल आत्ता फुलोऱ्यातून मणी धरायला लागलाय. आणि आता पुढचे दोन-तीन दिवस ढगाळ, तुरळक ठिकाणी हलका पाऊस, किमान तापमानात वाढ. समुद्रावरून बाष्प आलं की उत्तरेचे कोरडे गार वारे अडतात, एवढंच काय ते शास्त्र. पुण्यात त्यामुळे पंखा लावावा लागतो. आमच्याकडे त्यामुळे डाऊनी हा बुरशीचा रोग येतो. पाऊस पडायचीही गरज नाही, घड नुसते ओले राहिले तरी पुरतं. फुलोऱ्यात कूज, मग मणीगळ.

२६ नोव्हेंबर २०२३. रविवार होता, मी गावीच होते. त्रिपुरारी पौर्णिमेचे दिवस, वहिनी वाती वळत बसलेली. आणि गारा. काही मिनिटांत ओळींमध्ये पानांचा आणि कोवळ्या घडांचा सडा. दादा ओरडला नाही, रडला नाही. छत्रीसुद्धा न घेता बांधावर उभा राहिला आणि वहिनीला म्हणाला, "मजुरांना उद्या येऊ नका म्हणून सांग."

हवामान खात्याने इशारा दिला होता, मान्य. अंदाज पूर्वीपेक्षा बरे झालेत, तेही मान्य. पण इशारा मिळाल्यावर बाग उचलून घरात ठेवायची का? प्लास्टिकचं आच्छादन आहे ना, म्हणतात लोक. एकरी लाखांत जातं ते. तुम्ही भरा.

आणि विमा! त्या नोव्हेंबरनंतर दादा कागद घेऊन फिरत होता. पाऊस मोजायचा तो महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर. आमच्या शिवारात ओढा वाहिला आणि केंद्राजवळ भुरभुर झाली, तर कागदोपत्री भुरभुर. गारांचं नुकसान वेगळं कळवायचं, तेही मुदतीत. मुदतीत! माणूस बांधावर उभा राहून मजुरांना नको म्हणतोय, आणि तुम्ही त्याला मुदत सांगताय.

बरं, थंडी म्हणजे आमच्याकडे सगळं गोड असतं असंही नाही. निफाडचा पारा घसरला की तुमच्याकडे बातमी होते, शेकोटीचे फोटो फिरतात. मण्यांत पाणी भरत असताना कडाका वाढला तर मण्यांना तडे जातात, म्हणून दादा पहाटे ड्रिप सोडतो, बागेत शेकोट्या करतो. त्या फोटोतली शेकोटी हात शेकायची नसते हो. पण तरी थंडी परवडली. थंडीशी काय करायचं ते त्याला माहीत आहे.

मघाशी फोन केला त्याला. मी चिडलेले, तो निवांत. म्हणाला, "अगं, शहरातल्या माणसाला काय कळणार, त्याला थंडी हवी, आपल्यालाही थंडीच हवी. एकच मागतोय की." मला हसू आलं. तो असाच आहे. त्या संध्याकाळीही सगळं ओसरल्यावर वहिनीला म्हणाला होता, वाती भिजल्या नाहीत ना, लाव मग.

त्यामुळे त्या सहकाऱ्यावरचा माझा राग आता निम्मा उतरलाय. निम्माच. न्यूज चॅनलवाल्यांवरचा अजिबात नाही. 'अवकाळीचा तडाखा' म्हणून दिवसभर लाल पट्टी फिरवायची आणि कुठल्या तालुक्यात, किती वाजता, काही सांगायचं नाही. यलो अलर्ट म्हणजे लक्ष ठेवा. आमची माणसं छाटणीपासून दुसरं करतात काय? एका फवारणीचा खर्च काढून बघा कधीतरी, आणि पाऊस झाला तर ती धुऊन जाते, पुन्हा पहिल्यापासून. कांद्याची रोपं, फुलातली तूर हा तर वेगळाच विषय, त्यावर लिहायला बसले तर रात्र जाईल.

दिंडोरी, चांदवड, सटाण्याकडचं कुणी यादीत असेल तर खाली लिहा, तुमच्याकडे थेंब आलेत का. दादा विचारतोय. पहाटे फवारणीचा ब्लोअर काढायचा की मॅन्कोझेब या बुरशीनाशकाची धुरळणी करायची, ते त्यावर ठरवणार आहे.