संस्थेसाठी ऑनलाईन अकाउंटिंग सॉफ्टवेअर घेताय? मग माझं ऐकाच

परवा आमच्या अभ्यासिकेच्या ट्रस्टचा हिशोब उघडला तर स्क्रीनवर 'आपला प्लॅन संपला आहे, अपग्रेड करा'. मे महिना, अमळनेरचं ऊन, लाईट गेलेली, आणि १०बीडी (वर्षभरातल्या देणगीदारांची यादी आयकर खात्याला द्यायचा फॉर्म) भरायची ३१ मे डोक्यावर. म्हटलं एवढं ज्ञान मिळालंच आहे तर फुकटात वाटून टाकू.

तर पहिलं म्हणजे सीएला अजिबात विचारायचं नाही. ऑडिट त्याला करायचंय, त्याला काय कळतं? सॉफ्टवेअर अध्यक्षांच्या पुतण्याने निवडावं, तो पुण्याला आयटीत आहे (नक्की काय करतो हे कमिटीत कोणालाच माहीत नाही, विचारायचंही नसतं).

डेमोत फक्त रंगीत चार्ट बघा. धर्मादाय आयुक्तांकडे शेड्यूल ८ मधे ताळेबंद आणि शेड्यूल ९ मधे उत्पन्न-खर्च द्यावा लागतो, पण ते सोडा, सॉफ्टवेअर 'नेट प्रॉफिट' काढून देतंय ना, मग ट्रस्टला नफा झाला म्हणून पेढे वाटा.

पासवर्ड एकच ठेवा आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका.

देणगीदाराला 'कस्टमर' म्हणूनच टाका, दुसरा रकानाच नाहीये. पारोळ्याच्या एका आबांनी कापसाचे पैसे आल्यावर ५००० दिले, तेही चेकने, कारण २००० च्या वर रोख दिली तर आयकरात ८०जीची (देणगीवरची) सूट मिळत नाही हे त्यांना आपल्या कमिटीपेक्षा चांगलं माहीत, आणि इमारतीसाठीच वापरा असं चिठ्ठीवर लिहून दिले. सॉफ्टवेअरने ते 'सेल्स'मधे टाकले. कॉर्पस, म्हणजे असा राखून ठेवायचा निधी, वेगळा दाखवायची सोय 'प्रीमियम'मधे. वर आबांच्या मोबाईलवर इन्व्हॉइस गेलं, आणि काही दिवसांनी पेमेंट थकल्याचा मेसेज! आबांचा फोन, 'काय भो, मी कुठली उधारी ठेवली तुमची?' काय सांगणार त्या माणसाला? बरं पॅन टाकायला जागा नाही म्हणून चॅटवर विचारलं तर म्हणे नोट्समधे लिहा, लिहिले, एकेकाचे पॅन फोन करून मागून लिहिले, आणि आता कळतंय की नोट्स एक्सपोर्टच होत नाहीत! म्हणजे १०बीडीसाठी सगळी यादी परत हाताने, उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये फी, आणि १०बीडी भरल्याशिवाय आबांचं १०बीई, म्हणजे त्या सुटीसाठी लागणारं देणगीचं सर्टिफिकेट, निघत नाही. त्या चॅटवाल्याने शेवटी काय विचारावं, 'आमच्या सेवेने आपण समाधानी आहात का?'

बिल डॉलरमधे असेल तर फारच छान, मीटिंगमधे वजन पडतं.

बास झालं आता. अरे पैसे भरायच्या आधी त्या सेल्सवाल्याला एकदा तरी म्हणा ना की बाबा, देणगीची एक पावती काढून दाखव, इमारत निधी वेगळा दाखव, आणि सगळा डेटा एक्सेलमधे बाहेर काढून दाखव! एवढं विचारायला काय जातं? हे लोकांनी विश्वासाने दिलेले पैसे आहेत, तुमच्या घरचा किराणा नाही. आणि कंपनीवाल्यांनो, भाडं घ्या, कोण नाही म्हणतंय, पण प्लॅन संपला म्हणून आमचाच हिशोब आम्हाला बघू देत नाही ही सरळसरळ दादागिरी आहे. आणि अध्यक्षसाहेब, वाचत असाल तर आधी रिन्युअलचे पैसे पाठवा, ते आले की पुतण्याच्या सत्काराचं बघू.