उधारीच्या वहीविषयी : 'एक जुना नाशिककर' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

'एक जुना नाशिककर' या नावाने लिहिणाऱ्या वाचकांस,

नाशिकच्या मेन रोड, दहीपूल आणि भांडीबाजारातील जुन्या दुकानांविषयीच्या माझ्या लेखावर आपण दिलेली प्रतिक्रिया वाचली. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी ती जशीच्या तशी येथे देते. आपण लिहिता : "लेखाची भाषा छान आहे, पण लेख खोटा आहे. उधारीची वही ही माणुसकी नव्हती, गरीब गिऱ्हाइकाला एकाच दुकानाला बांधून ठेवणारी दोरी होती. गावठाणात गाडी लावायला जागा नाही, दुकानात भावाची पाटी नाही, बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या नोकरांना पगार काय मिळत होता याबद्दल लेखात अवाक्षर नाही, आणि पुराचा महिनासुद्धा चुकला आहे. गंगापूर रोडला राहून मेन रोडचे गोडवे गाणे सोपे असते."

पुराच्या महिन्याबाबत आपले म्हणणे बरोबर आहे. सराफ बाजार आणि दहीपूल पाण्याखाली गेले तो २००८ चा पूर सप्टेंबरमधला होता, आणि मी ऑगस्ट लिहिले. २ ऑगस्ट २०१६ च्या पुराशी माझी गल्लत झाली. चूक दाखवून दिल्याबद्दल आपले आभार मानते, आणि ते मनापासून मानते.

परंतु 'खोटा' या शब्दापाशी मला थांबणे भाग आहे. एखादा लेख अपुरा असू शकतो, एकांगी असू शकतो, त्यात महिन्याची किंवा वर्षाची चूक राहू शकते, आणि यांतले काहीही आपण म्हणाला असता तर मी ते निमूटपणे ऐकून घेतले असते. खोटा म्हणजे, खरे काय ते ठाऊक असूनही लेखिकेने जाणूनबुजून दुसरेच सांगितले. असा आरोप करणाऱ्याने निदान स्वतःचे नाव लिहावे, इतकी अपेक्षा गैर नसावी. ज्या बाजाराबद्दल आपण दोघे बोलतो आहोत तेथे कोणी कोणाला खोटा म्हणाला तर समोर उभे राहून म्हणत असे, आणि म्हणणारा कोणाचा कोण हे चौकातल्या सर्वांना माहीत असे.

आता उधारीच्या वहीकडे येते. आपल्या प्रतिक्रियेतील हेच एक वाक्य मला लागले, आणि ते का लागले हे सांगितल्याशिवाय उत्तर पुरे होणार नाही.

वहीने माणसे नागवली गेल्याचा इतिहास मला ठाऊक नाही असे आपण गृहीत धरलेले दिसते. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला, तो पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरला, आणि ठिकठिकाणी लोकांनी सावकारांच्या घरातील कर्जखते व रोखे बाहेर काढून जाळले. त्यातूनच १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा आला. पुढे सावकारीवर नियंत्रण आणणारे कायदे झाले, आणि आपल्या राज्यात २०१४ पासून नवा सावकारी नियमन कायदा लागू आहे. हे सर्व व्याजाने पैसे देऊन जमीन गिळणाऱ्यांविषयी आहे. महिनाअखेरीस पगार होईपर्यंत तूरडाळ, गूळ, चहापूड आणि गोडेतेल देणारा, आणि दिलेल्या मालाच्या किमतीवर एक पैसाही व्याज न लावणारा किराणा दुकानदार त्या पंगतीत बसत नाही. दोघांच्याही हातात वही होती, एवढ्यावरून दोघांना एकच ठरवणे हा अन्याय आहे.

ही उधारी कशी चालत असे, तेही आपण विसरलेले दिसता. वह्या दोन असत. लांबट, लाल कापडी बांधणीची एक दुकानात, आणि हिशेबाची लहान वही गिऱ्हाइकाच्या घरी. माल घेताना दोन्ही वह्यांत एकाच वेळी नोंद होई, त्यामुळे दुकानदाराला मागाहून आकडा वाढवण्याची सोय नव्हती. पगाराच्या दिवशी बेरीज करून रक्कम दिली की खाली आडवी रेघ मारली जाई. आणि दुकानदाराचे स्वतःचे काय होते? रविवार कारंजा आणि भद्रकाली भागातल्या घाऊक व्यापाऱ्यांकडून तोही उधारीवरच माल उचलत असे. त्याला ठरलेल्या मुदतीत पैसे भरावे लागत, मग त्याच्या गिऱ्हाइकांचा पगार झालेला असो वा नसो. मुदत चुकली की पुढचा माल बंद, आणि बाजारात पत गेली ती वेगळीच. आपल्याला ही दोरीच वाटत असेल तर तिचे दुसरे टोक दुकानदाराच्या गळ्यात होते, एवढे तरी लक्षात घ्यावे.

हे मी कोठे वाचून लिहीत नाही. माझे बालपण तिवंध्याजवळच्या एका वाड्यातल्या दोन खोल्यांत गेले. वडील सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला होते आणि सायकलने जात-येत असत. १९८४ साली त्यांच्या कारखान्याला टाळे लागले, आणि ते चौदा महिने उघडले नाही. त्या वेळी मी आठवीत होते. घरात आजीसह सहा माणसे होती आणि आईच्या शिवणकामाखेरीज पैसा येण्याची दुसरी वाट नव्हती. त्या चौदा महिन्यांत आमच्या घरात जे शिजले ते वाड्याच्या कोपऱ्यावरच्या एका किराणा दुकानातून आले. दुकानदारांना आम्ही काका म्हणत असू. ते आमच्या जातीचे नव्हते, नात्याचे नव्हते, आणि वडिलांना पुन्हा काम मिळेल याची कोणतीही खात्री त्यांना कोणी दिलेली नव्हती.

वही घेऊन दुकानात मलाच पाठवले जाई. तिसरा-चौथा महिना असेल. संध्याकाळची गर्दी होती आणि माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई पुढे उभी होती. माझ्या हातातली वही तिला दिसू नये म्हणून मी ती परकराच्या घडीत धरली होती. काकांनी ते पाहिले. त्यांनी हात पुढे करून ती वही घेतली, गल्ल्याखाली सरकवली, आणि रोख पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाला विचारावे तशा आवाजात मला विचारले, "काय देऊ, ताई?" माल दिला, पिशवी भरली, आणि नोंद नंतर केली. वही दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाने घरी आणून दिली. त्यानंतर जितके महिने उधारी चालली तितके महिने वही कायम अशीच घरपोच येत राहिली. तेरा वर्षांच्या मुलीची लाज ज्या माणसाने अशी सांभाळली, त्याच्या वागण्याला मी माणुसकी म्हणते. यासाठी आपल्याकडे दुसरा शब्द असेल तर तो अवश्य कळवावा.

त्या वर्षीच्या दिवाळीला आईने यादीतून रवा, मैदा आणि साखर खोडून टाकली होती. काकांनी तिन्ही जिन्नस पिशवीत घातले. आई पैशांचे म्हणाली तेव्हा ते म्हणाले, "पाडव्याला वही नवी होते वहिनी, जुन्या वहीचे मी बघतो." पुढे वडिलांना अंबडला एका लहान कारखान्यात काम मिळाले आणि दर पगाराला थोडे थोडे करत सगळी उधारी फेडायला त्यांना दोन वर्षे लागली. त्या दोन वर्षांत आईने दुसऱ्या कोणत्याही वाण्याची पायरी चढली नाही. रविवार कारंज्याला डाळ स्वस्त मिळत असे, हे तिला पक्के ठाऊक होते, तरीही ती गेली नाही. आम्हा भावंडांनाही तिने बजावून ठेवले होते की, ज्याचे देणे आहे त्याच्या समोरून दुसऱ्याच्या दुकानातली पिशवी घेऊन जायचे नाही. याला आपण दोरी म्हणता. माझ्या आईला कोणी बांधलेले नव्हते. ती स्वतःच्या मनाने जात होती, आणि तिला अशी दावणीला बांधलेली ठरवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, हे मला समजलेले नाही.

येथपर्यंत मी आपल्याला 'आपण' असे संबोधत आले. यापुढे 'तुम्ही' म्हणते, कारण आईपर्यंत पोहोचलेल्या बोलण्यात तेवढा दुरावा मला राखता येत नाही.

तुम्ही विचाराल की एका दुकानदाराच्या चांगुलपणावरून साऱ्या बाजाराचा निवाडा कसा करायचा. म्हणून दुसरी गोष्ट सांगते. जोराचा पाऊस झाला आणि गंगापूर धरणातून पाणी सोडले गेले की गोदावरी फुगते. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कोठपर्यंत लागले आहे यावरून गावातला माणूस पुराचा अंदाज घेतो, आणि सरस्वती नाल्याचे पाणी नदीत शिरू न शकल्याने मागे फिरून सराफ बाजार आणि दहीपुलाकडे चढते. २००८ च्या सप्टेंबरमध्ये (महिना या वेळी बरोबर आहे) भांडीबाजारातल्या माझ्या परिचयाच्या एका दुकानदाराच्या उधारीच्या वह्या अशाच पाण्यात गेल्या. लग्नसराईत भांडी नेऊन हप्त्याहप्त्याने पैसे देणाऱ्यांची नावे त्या वह्यांत होती. चिखल काढून झाल्यावर हाती आला तो कागदाचा लगदा. तुमचे दोरीचे म्हणणे खरे असते तर त्या दिवशी सगळी दावी तुटली होती, आणि कोणीही परत येण्याचे कारण नव्हते. तरीही लोक आले, स्वतःच्या तोंडाने आकडे सांगितले आणि पैसे दिले. सगळे आले असे मी म्हणत नाही. त्या दुकानदाराच्या हिशेबाने निम्म्याहून थोडे अधिक आले. पण जे आले त्यांना कोणती दोरी ओढून घेऊन आली, हे तुम्ही मला सांगावे.

आणि आता ज्याला पत म्हणतात ती काय आहे? माणसाची पत 'क्रेडिट स्कोअर' नावाच्या, ३०० ते ९०० यांच्या मधल्या एका आकड्यात मावते. मोबाइलवर 'आता घ्या, नंतर फेडा' असे सांगणारी कर्जे मिळतात, त्यात एक हप्ता चुकला की दंड लागतो आणि आकडा खाली येतो, आणि हप्ता का चुकला, घरात कोण आजारी होते, कारखाना का बंद पडला, हे विचारणारे त्या व्यवहारात कोणीही नसते. माझ्या ओळखीच्या एका मुलाच्या थकलेल्या हप्त्यासाठी वसुलीचे फोन त्याच्या मामाला, मित्रांना आणि कामावरच्या साहेबाला गेले. ज्या मुलीची वही गल्ल्याखाली सरकवली गेली होती तिला हे पाहून काय वाटले असेल, याचा तुम्ही विचार करावा.

कोरोनाच्या टाळेबंदीतही ही वही नव्याने उघडलेली मी पाहिली. २०२० च्या मार्चपासून ज्यांचे रोजचे उत्पन्न थांबले त्या रिक्षावाल्यांना आणि घरकाम करणाऱ्या बायकांना महिनाभराचे पीठ-मीठ पुरवले ते गल्लीतल्या दुकानांनीच. पुढे मार्च २०२१ च्या अखेरीस गर्दी आवरण्यासाठी मेन रोडसारख्या बाजारपेठांत शिरायला माणशी पाच रुपयांची पावती लागू झाली आणि तासाभरात बाहेर पडण्याचे बंधन आले. त्या दिवसांत जुनी उधारी चुकती करायला पाच रुपये भरून आत जाणाऱ्या एका बाईंना मी स्वतः भेटले आहे. फोनवरून पैसे पाठवता येत नाहीत का, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "येतात की. पण त्यांनी दिले तेव्हा तोंड बघून दिले होते."

तुमच्या उरलेल्या मुद्द्यांवर फार लिहिण्याची गरज मला वाटत नाही. गावठाणात गाडी लावायला जागा नाही, हे खरे आहे. ज्या काळी त्या गल्ल्या झाल्या त्या काळी मोटारी नव्हत्या, आणि हा दोष दुकानदारांचा नाही. भावाची पाटी नसते हेही खरे, पण घासाघीस हा ज्यांना अपमान वाटतो त्यांच्यासाठी शहरात छापील भावाची दुकाने भरपूर झाली आहेत, तेथे त्यांनी खुशाल जावे. नोकरांच्या पगाराचा प्रश्न महत्त्वाचा आहे, परंतु तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे आणि माझा लेख त्याविषयी नव्हता. लेखात जे नाही त्यावरून लेखाला झोडपायचे ठरवले तर कोणताच लेख उभा राहणार नाही.

राहिला गंगापूर रोड. लग्नानंतर, १९९६ पासून, मी तेथे राहते. ते लपवण्यासारखे नाही आणि मी ते कधी लपवलेही नाही. परंतु तुम्ही वाक्य असे लिहिले आहे की जणू पत्ता बदलला की माणसाचा आठवणींवरचा हक्क संपतो. रंगपंचमीला तिवंधा चौकातली रहाड, म्हणजे रंग खेळण्याचा जमिनीतला जुना हौद, उघडते तेव्हा ज्यांचे घर आता इंदिरानगरला किंवा सिडकोत आहे, अशी शेकडो माणसे तेथे येतात. त्यांना कोणी पत्ता विचारत नाही. मी आजही महिन्याचे सामान त्याच बाजूला जाऊन आणते. काकांचे दुकान आता नाही. त्यांच्या मुलाने २०१९ साली ते बंद केले आणि तो पुण्याला गेला. शेवटच्या आठवड्यात मी गेले होते तेव्हा त्याने फळीवरच्या जुन्या वह्यांच्या गठ्ठ्यातून आमचे पान शोधून दाखवले. काकांच्या अक्षरात वडिलांचे नाव, खाली आकड्यांची रांग, आणि दिवाळीच्या त्या तारखेपुढे रवा, मैदा, साखर ही तीन नावे लिहून त्यांच्यासमोरची रकमेची जागा कोरी सोडलेली. ते पान त्याने मला दिले आणि ते माझ्याकडे आहे.

लेखातील पुराचा महिना आज दुरुस्त केला आहे. 'माणुसकी' हा शब्द होता तेथेच आहे.