तीन पिल्ले, दहा मिक्सर आणि एक बांधलेला कुत्रा

२०२५ च्या फेब्रुवारीअखेर कोपनहेगनमध्ये मार्को एव्हारिस्टी या चिलीत जन्मलेल्या डॅनिश कलाकाराने डुकराची तीन पिल्ले पिंजऱ्यात ठेवली. पिंजरा खरेदीच्या ट्रॉल्या जोडून केलेला होता. पिल्लांना पाणी मिळणार होते, अन्न मिळणार नव्हते, आणि ती भुकेने मरतील तेव्हाच ते सारे थांबणार होते. मांसोद्योगात डुकरांचे होणारे हाल दाखवायला मांडलेल्या या प्रदर्शनाचे नाव होते ‘अँड नाऊ यू केअर’. मराठीत सांगायचे तर ‘आता बरा तुम्हाला कळवळा आला’. प्रदर्शन सुरू होते न होते तोच पिल्ले चोरीला गेली, आणि चोरांना आत घेण्यात कलाकाराच्याच एका मित्राचा हात होता, हे नंतर बाहेर आले. बातमी वाचून मला हायसे वाटले आणि लगेच त्या हायसे वाटण्याचीच थोडी लाज वाटली, कारण नावातला टोमणा माझ्यासारख्यांनाच उद्देशून होता.

तो टोमणा पोकळ नाही. डेन्मार्कमध्ये मांसोद्योगासाठी डुकरिणींची पैदास अशी केली गेली आहे की एका वेतात वीसच्या आसपास पिल्ले होतात आणि आईला सड असतात साधारण चौदा. उरलेल्यांचे काय होत असेल ते सांगायला नको. दररोज सुमारे २५ हजार पिल्ले मरतात, असा आकडा तिथल्या प्राणिमित्र संघटना देतात. मी मांसाहारी आहे, म्हणून ‘तीन पिल्लांसाठी रडता आणि ताटातल्या डुकराबद्दल बोलत नाही’ या आरोपावर माझ्याकडे चांगले उत्तर नाही, आणि नसताना आव आणण्यात अर्थही नाही.

पण माझे ढोंग उघडे पडले, एवढ्याने पिल्लाला उपाशी ठेवण्याचा परवाना दुसऱ्या कुणाला मिळतो, हे मला पटत नाही. वाद माझा आणि कलाकाराचा आहे. त्यात हरलो तर किंमत मी मोजायला हवी, किंवा तो हरला तर त्याने. इथे मात्र दोघेही सुखरूप राहतात आणि किंमत मोजतो तो तिसरा जीव, ज्याला असा काही वाद चालू आहे याची गंधवार्ताही नाही.

प्रक्षोभक कलेने स्वतःच्या जिवावर बेतेल असे धाडस पूर्वी केलेले आहे, म्हणून हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. अमेरिकी कलाकार क्रिस बर्डन यांनी १९७१ मध्ये मित्राकडून स्वतःच्या दंडावर गोळी झाडून घेतली. मारिना अब्रामोविच १९७४ मध्ये नेपल्स इथे सहा तास निश्चल उभ्या राहिल्या. समोरच्या टेबलावर ७२ वस्तू होत्या, त्यांत एक पिस्तूल आणि एक गोळीही होती, आणि प्रेक्षकांनी त्या आपल्यावर हव्या तशा वापराव्यात अशी मुभा त्यांनीच दिलेली होती. हे प्रयोग मला आवडतातच असे नाही (बर्डन यांचा तर मुळीच नाही), परंतु जे व्हायचे ते त्यांनी जाणूनबुजून स्वतःच्या अंगावर घेतले होते. पिंजऱ्यातल्या पिल्लाला ‘पुरे’ म्हणता येत नाही.

एव्हारिस्टी यांचे जुने काम याहून अस्वस्थ करते. २००० मध्ये डेन्मार्कच्याच ट्रॅपहोल्ट संग्रहालयात त्यांनी दहा मिक्सर मांडले. प्रत्येक भांड्यात पाणी, पाण्यात गोल्डफिश, माशाच्या खाली पाती, आणि वायर प्लगमध्ये. स्वयंपाकघरात रोज हाताखाली असणारे बटण तिथे कुणालाही दाबता येत होते, आणि ते दाबले गेले. दोन मासे मेले. संग्रहालयाच्या संचालकांना दोन हजार क्रोनरचा दंड झाला, तो भरायला त्यांनी नकार दिला, आणि २००३ मध्ये न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले, कारण मासे क्षणात मेले होते आणि त्यामुळे त्यांचे हाल झाले असे म्हणता येत नव्हते. कायदा वेदनेचे सेकंद मोजतो आणि त्याने तेच केले. मासा मुळात पात्यांवर का पोहत होता, हा प्रश्न निकालाबाहेरच राहिला. ‘बटण मी दाबले नाही, फक्त समोर ठेवले’ ही कलाकाराची भूमिका मला सोयीची वाटते; सापळा लावणाऱ्यालाही हेच म्हणता येईल.

सर्वांत गुंतागुंतीचे प्रकरण कोस्टा रिकाचे कलाकार गिलेर्मो हाबाकुक वार्गास यांचे आहे. २००७ मध्ये निकाराग्वाची राजधानी मानाग्वा इथल्या एका कलादालनात त्यांनी एक खंगलेला भटका कुत्रा आखूड दोरीने बांधला. भिंतीवर कुत्र्याच्या बिस्किटांच्या अक्षरांत वाक्य होते: ‘तुम्ही जे वाचता तेच तुम्ही असता’. कुत्र्याला नाव दिले होते नातिविदाद, कारण नातिविदाद कांदा हा निकाराग्वाचा स्थलांतरित २००५ मध्ये कोस्टा रिकात दोन रॉटवायलर कुत्र्यांच्या हल्ल्यात मेला होता, तोही पोलिसांच्या डोळ्यांदेखत. कुत्रा उपासमारीने मेला असे जगभर पसरले. त्याला खायला दिले जात होते आणि तो पळून गेला, असे दालनाने सांगितले. कलाकाराचे म्हणणे असे की पाहणाऱ्यांपैकी कुणी दोरी सोडली नाही, कुणी अन्न दिले नाही, कुणी पोलिसांना बोलावले नाही.

मनाला लागणारे वाक्य आहे खरे, पण प्रयोगच लबाडीने रचलेला आहे. कलादालनात कशालाही हात लावायचा नाही, हे आपल्याला लहानपणापासून बजावलेले असते. मांडलेली वस्तू हलवली तर रखवालदार धावत येतो. तीच शिस्त पाळली म्हणून प्रेक्षकाला निर्दय ठरवायचे, हे परीक्षेत बोलू न देता मुलाला मुका ठरवण्यासारखे झाले. कांदा यांच्या मृत्यूवर बोलायला हवेच होते. त्यासाठी आणखी एक असहाय जीव बांधून ठेवल्याने त्यांना कोणता न्याय मिळाला, ते मला आजवर कळलेले नाही.

म्हणून जिवंत प्राणी कलेत कधीच नको, असे मी म्हणत नाही. यानिस कुनेलिस यांनी १९६९ मध्ये रोमच्या एका दालनात बारा घोडे बांधले होते. घोडा तबेल्यातही बांधलेलाच असतो, त्याला खायला घातले, फिरवून आणले, तर माझी तक्रार सौम्य राहील. लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये २०१२ साली डेमियन हर्स्ट यांच्या फुलपाखरांच्या खोलीत २३ आठवड्यांत नऊ हजारांहून अधिक फुलपाखरे मेली आणि त्याची ओरड कुत्र्याच्या मानाने फारच थोडी झाली. आपली दया डोळे आणि केस पाहून जागी होते, हेही त्यातून दिसते. मी स्वतःला एकच विचारतो: प्राण्याचा त्रास हा त्या कलाकृतीचा अपघात आहे की तिचे इंधन? इंधन असेल तर तिथे माझा विरोध आहे, मग आशय कितीही थोर असो.

चिनी वंशाचे कलाकार हुआंग योंग पिंग यांच्या १९९३ च्या ‘थिएटर ऑफ द वर्ल्ड’मध्ये किडे, सरडे, साप कासवाच्या पाठीच्या आकाराच्या पिंजऱ्यात दिव्यांखाली एकत्र सोडले जात आणि एकमेकांना खात. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने २०१७ मध्ये ते जिवंत रूपात दाखवायचे रद्द केले, तेही हिंसेच्या धमक्या आल्यामुळे. धमक्यांनी प्रदर्शन बंद पाडणे मला मान्य नाही. शिवाय त्यामुळे संग्रहालयाला सुरक्षेचे कारण मिळाले आणि मूळ प्रश्नाला उत्तर द्यावेच लागले नाही. हुआंग यांनी आपला निषेध विमानातल्या उलटीच्या पिशवीवर लिहिला. पिंजरा मात्र तसाच, रिकामा मांडला गेला. त्याची छायाचित्रे मी बराच वेळ पाहिली आहेत. आत कुणी नाही हे दिसत असूनही नजर कोपऱ्याकोपऱ्यात कुणाला तरी शोधत राहते.