दगड गुळगुळीत, नट ढिले

दगड थरथरवून गुळगुळीत करणाऱ्या यंत्राला मराठीत नाव नाही. मी त्याला खडखड्या म्हणतो. शेजारच्या काकी ओटीवरून विचारतात, "गिरण घातलस काय रे? ह्या दगडांक घासून तुका काय गावता?" पहिल्या प्रश्नाला उत्तर आहे.

वर भांडं, त्याच्या मधोमध उभा बोल्ट, खाली मोटर, मोटरच्या दांड्याला एका अंगाला जड वजन आणि हा सगळा डोलारा स्प्रिंगांवर. वजन एकीकडे असल्याने मोटर फिरली की भांडं थरथरतं आणि दगड गोल फिरता फिरता उलटेपालटे होतात. फिरत्या पिंपाला आठवडे लागतात ते काम इथे काही दिवसांत होतं. पण जी थरथर दगडाला, तीच नटाला. यंत्र भेदभाव करत नाही.

म्हणून प्रत्येक खेपेआधी पाना फिरवायचा. साध्या नटाखाली वायसरांची चळत लावून काही साधत नाही. नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेले, घ्यावेत, आणि एकदा काढला की नवा घालावा. वजन दांड्यावर आवळून धरणाऱ्या बिनडोक्याच्या ग्रब स्क्रूला निळं लॉकटाइट, म्हणजे आटे धरून ठेवणारा गोंद, पुरतं. लाल लावलंत तर पुढच्या वेळी तो तापवल्याशिवाय सुटत नाही. हा स्क्रू ढिला झाला की मोटर घूं करत फिरते आणि भांडं मख्ख बसून राहतं. लोक इथे मोटर बदलायला निघतात.

खरा छळ पाण्याचा. दोन किलो दगडांना दीड-दोन मोठे चमचे २२० नंबरची सिलिकॉन कार्बाइड ही घासायची पावडर, नंतर ४०० किंवा ५०० (नंबर मोठा तशी पावडर बारीक), शेवटी पॉलिशला ॲल्युमिनियम ऑक्साइड. पाणी चमच्याने, दगड नुसते ओले चकचकतील एवढंच. आतलं कालवण आंबोळीच्या पिठासारखं हवं. सोलकढी झाली की पावडर तळाला बसते आणि दगड नुसती अंघोळ करतात. मोदकाची उकड झाली की दगड जागचे हलत नाहीत. मे महिन्यात ते तासाभरात सुकायला लागतं, पावसात निवांत टिकतं. तरी दिवसातून दोन-तीनदा झाकण उघडायचंच. फवाऱ्याची बाटली जवळ असू द्या, तांब्याने ओतू नका.

वीज गेली तर? अर्धा तास चालतं. रात्रभर गेली तर सकाळी भांड्यात चिऱ्यासारखा घट्ट गोळा तयार. त्या अवस्थेत वीज आली की अडलेली मोटर हुं हुं करत तापते. म्हणून वीज गेल्याबरोबर प्लग काढा, थोडं पाणी शिंपडा आणि हाताने ढवळून ठेवा. अमेरिकेतून कुणी भाच्याने आणलेलं यंत्र असेल तर आणखी मजा. ट्रान्सफॉर्मर २३० चे ११० व्होल्ट करतो, पण ५० हर्ट्‌झचे ६० करत नाही. मोटरचा वेग या हर्ट्‌झवर ठरतो, म्हणून तो पाच-षष्ठांश होतो आणि थरथरीचा जोर वेगाच्या वर्गात उतरून साधारण ७० टक्क्यांवर येतो. मालक मात्र दगडांना आळशी म्हणतो.

मोटरचा दांडा ज्यात फिरतो त्या बेरिंगकडे जरा निवांत बघू. उभ्या बोल्टाखालचं रबर झिजलं की कालवण थेंब थेंब खाली उतरतं, वर खारी हवा आहेच. प्लग काढून दांडा हाताने फिरवा. बोटाला करकर लागली की बेरिंग गेलं. कडेवर नंबर कोरलेला असतो: ६२०२ म्हणजे आतून १५, बाहेरून ३५, जाडी ११ मिलिमीटर. दुकानदार पुढे सरकवेल ते पत्र्याच्या झाकणाचं झेडझेड. ते नको, रबरी सीलचं टूआरएस मागा. पत्र्याच्या फटीतून बारीक पावडर आत जाते आणि बेरिंगलाच पॉलिश सुरू होतं. काढायला पुलर, म्हणजे बेरिंग ओढून काढायचं अवजार, हवा. बसवताना पाइपचा तुकडा फक्त आतल्या कड्याला टेकवून ठोका. बाहेरच्या कड्यावर ठोकलंत तर तो मार गोळ्यांवर बसतो आणि नवं बेरिंग पहिल्याच दिवशी म्हातारं होतं.

स्प्रिंगा बुडाशी गंजून तुटतात. एक तुटली तरी सगळ्या बदला, नाहीतर भांडं कलतं आणि दगड एका कोपऱ्यात सभा भरवतात. ग्रीस लावा. खोबरेल नको, मुंग्या येतात. यंत्र मधेच बंद पडतं आणि वायर उचलली की चालतं? वायर शिरते तिथे ती आतून तुटलीय, तेवढा तुकडा कापून पुन्हा जोडा.

जांभा घालू नका. त्याच्या भोकांत जाडी पावडर दडून बसते आणि पॉलिशच्या वेळी बाहेर येऊन ओरखडे काढते, शिवाय लाल चिखल होतो तो वेगळाच. किनाऱ्यावरच्या गारगोट्या उत्तम, शिंपल्यांचे तुकडे निवडून टाका.

उरलेलं कालवण न्हाणीच्या मोरीत कधीच ओतायचं नाही, आत सिमेंटासारखं बसतं. बादलीत रात्रभर ठेवा, वरचं पाणी निथळा, गाळ खड्ड्यात. दर पावडरीनंतर भांडं, झाकण, दगड सगळं धुवायचं, आणि पॉलिश झालं की साबणाच्या चुऱ्यात तासभर फिरवायचं. वीज तेवढा वेळ थांबली तर.